कोपरभर हिरवं पाणी

शुभांगी: मामा, काल या शेततळ्यात हिरवंगार पाणी होतं. गेलं कुठं?

गोटीराम: फ्लावरच्या पिकाला सोडलं. इहिरीचं पाणी भरलं. बघ कसं आरशावानी झालंय!

शुभांगी: आणि माझे मासे?

गोटीराम: पायपाच्या तोंडाला तुझी जुनी ओढणी बांधली व्हती. एक मासा जाऊ दिला नाय. पुढच्या हप्त्यात तुझे आईबाप यायचेत, शहरातली, इंदिरानगरची माणसं. म्हनतील, सायखेड्याला पोरगी दिली आन् ती गटारात मासं पाळती.

शुभांगी: आता हात बुडवा यात. कोपरापर्यंत.

गोटीराम: बुडवला.

शुभांगी: तळवा दिसतोय?

गोटीराम: रेघा सुदिक दिसत्यात!

शुभांगी: मग मासे उपाशी. मामा, तो हिरवा रंग म्हणजे बारीक शेवाळ, तेच तर ऊन खाऊन वाढतं. त्याला पाण्यातले बारीक किडे खातात, किड्यांना मासे. तुम्ही त्यांचं ताटच काढून घेतलंत.

गोटीराम: बोटाएवढ्या माशांना एवढं तळंभर ताट लागतं व्हय?

शुभांगी: तुम्ही जेवायला किती भाकरी खाता?

गोटीराम: चार. त्याचं काय हितं?

शुभांगी: सगळ्या अंगाला लागल्या असत्या तर दारात मावला नसतात. बाकीच्या चालण्यात गेल्या, ओरडण्यात गेल्या, आणि काल माझं तळं साफ करण्यात गेल्या. किड्यांचंही तसंच. हिरव्याच्या दहा घासांतला एखादाच त्यांच्या अंगी लागतो, आणि किड्यांच्या दहातला एखादा माशाच्या.

गोटीराम: आन् त्यो बांधावरचा बगळा?

शुभांगी: तो आणखी वर. म्हणून तर एकटाच उभा आहे. अख्खा थवा या तळ्याला पोसायचा नाही.

गोटीराम: आरं देवा. दिवाळीला मासळी नाय निघाली तर तळं टमाट्याच्या पाण्याला घ्यायचं, आसं मीच बोललो व्हतो. तुला वाटंल, म्हाताऱ्यानं मुद्दाम केलं.

शुभांगी: नाही वाटत. मुद्दाम करणारा माणूस ओढणी बांधत नाही.

गोटीराम: मंग आता?

शुभांगी: तळाशी थोडं हिरवं उरलंय. तेच विरजण. रोज थोडं शेण कालवून टाकायचं, बाकीचं ऊन बघून घेईल. दिवाळी कुठं जात नाही आपली.

गोटीराम: शेण मी टाकतो. गळ्यात माळ हाय म्हणून मासं खात नाय मी. खाऊ घालायला माळ कुठं आडवी येती?

(पुढच्या आठवड्यात, तळ्याच्या काठावर.)

शुभांगी: कोपरापर्यंत हं, मामा.

गोटीराम: थांब की जरा... बोटं गेली. तळवाबी गेला. काय दिसंना!

शुभांगी: जेवतायत आता. ती बघा, आईबाबांची गाडी वळली. आधीच सांगून टाकते त्यांना, पाणी घाण नाही म्हणून.

गोटीराम: तू थांब. व्याह्याला आधी बाही वर करायला लावतो.