काळ्या मार्करखालचं रोम

अगं, आमच्या जोशी सरांनी एकदा चहा पिता पिता अख्खं रोम बुडवलं! सर शाळेत इतिहास शिकवायचे. शुक्रवारी आमच्या इथल्या, आखातातल्या अल कुसैसच्या फ्लॅटवर आले होते. माझा भाऊ नितीन आमच्या बाळाला मांडीवर घेऊन बसलेला. तो शारजाला मित्राबरोबर राहायचा. ते एकमेकांचे कोण, हे मला ठाऊक होतं. माझ्या ह्यांना नुसता संशय.

सर त्याच्याकडे बघत म्हणाले, "पुरुष पुरुषांच्या नादी लागले, म्हणून रोम बुडालं. असल्यांना घरात घेऊ नये, वहिनी."

नितीन बाळाला खाली ठेवून उठू लागला. मी विचारलं, "कुठे लिहिलंय, सर?"

त्यांनी पिशवीतून इंग्रजी पुस्तक काढलं. त्या पानावर शाळेने ओळी काळ्या मार्करने झाकल्या होत्या.

"खालचं वाचलंत?"

"नाही, पण अंदाज येतोच की!"

मी ते पान खिडकीच्या उजेडात धरलं. शाईखालची अक्षरं दिसत होती. मी सातवी शिकलेली, म्हणून नितीनला म्हटलं, "तू वाच."

त्याने अडखळत मराठीत सांगितलं, "रोमन लोक संबंध ठेवताना पुरुष की बाई यापेक्षा मालक कोण, गुलाम कोण, हे बघायचे. गुलामाची मर्जी कोणी विचारतच नसे. रोम पुरुषांच्या अशा संबंधांमुळे बुडालं, हे पुढच्या काही इतिहासकारांनी स्वतःच्या मनाने चिकटवलं."

"बघा सर, तुमच्याआधीही होते तर अंदाजवाले!" मी म्हटलं आणि ह्यांच्याकडे वळले. "पुढच्या शुक्रवारी नितीन मित्रालाही जेवायला आणेल."

ह्यांनी पुस्तक मिटून सरांच्या हातात दिलं. मग म्हणाले, "मटण चालतं ना रे त्याला?"