गुरुवारी लावलेलं डीफ्रॅग

हे तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलंय, निरंजनदादा—पप्पा म्हणाले, रिपेअरवाला आला की म्हणायचं, कॉम्प्युटर आपोआप बंद पडला. पण तुम्ही ती हार्ड डिस्क कानाला लावून डॉक्टरसारखं तोंड केलंत ना, आणि तिच्यावर पप्पांचे फोटो आहेत, सोमवारी लागणारेत—म्हणून सांगते. आपोआप नाही पडला. पप्पांनी डीफ्रॅग लावलं होतं.

कॉपी? नाही काढली. तुम्ही मागे बजावलं होतंत—आधी कॉपी, यूपीएस चालू, मध्ये हात लावायचा नाही. पप्पांना पाठ आहे. पण यूपीएस सारखा टूं-टूं करायचा, म्हणून पप्पांनी त्याला लाल चिठ्ठी लावून माळ्यावर टाकला. कंपनीत नको असलेल्या वस्तूला लावतात तशी—पप्पा चाकणला तेच शिकवायचे, प्रत्येक वस्तू आपल्या जागी. आता घरी चाललंय. दारात चपलांभोवती पिवळे पट्टे पाहिलेत ना? त्यांनीच मारलेत. आईच्या लोणच्याच्या बरणीलाही चिठ्ठी लावली, तर आईने ती काढून गुपचूप पप्पांच्या पाठीवर चिकटवली, आणि पप्पा तसेच डांगे चौकातून भाजी घेऊन आले! हसू नका, आतच आहेत ते. हो, घरीच. सुट्टी आहे, गुरुवारची—

आज मंगळवार. बरोबर.

तर डीफ्रॅगने डिस्कवरचे विखुरलेले तुकडे ओळीने लागणार म्हटल्यावर पप्पा एवढे खूश—स्टूल टाकून मॅच बघावी तसे बसले. आणि अर्ध्यात लाइट गेली. गुरुवारी जाते तशीच. आपल्याकडे लहान पोरालाही माहितीये, गुरुवारी कंपन्या बंद आणि लाइटवाल्यांचं दुरुस्तीचं काम. पप्पा तर कायम गुरुवारीच घरी असायचे, ते कसे विसरले? आईनेही हेच विचारलं. तर म्हणाले, "आता रोजच गुरुवार आहे, कुठला कुठला लक्षात ठेवू?" मग आई गप्प बसली. आमची आई! ती देवासमोरही गप्प बसत नाही.

दिवाळीनंतर कंपनीने त्यांना—हे तर मुळीच सांगायचं नव्हतं. बिल्डिंगमध्ये आम्ही नाइट शिफ्ट सांगतो.

फोटो ना? लग्नाचे नाहीत हो, ते गेले तरी चालतील, आईच म्हणते. पप्पांनी कंपनीत लावून दिलेल्या शॉपचे आहेत, म्हणजे मशिनी असतात त्या जागेचे. आधीचा पसारा, नंतरची रांग—आधी, नंतर, आधी, नंतर. सोमवारी तळेगावला मुलाखत आहे, तिथे दुसरं दाखवणार काय? चपलांचे पट्टे? फोटो निघतील का डिस्कमधून? नुसती मान नका हलवू, तोंडाने सांगा—सगळे? नक्की?

मग एक करा. पप्पांना म्हणा, डिस्कच जुनी होती. लाइटचं काढू नका, गुरुवारचं तर नकोच. आणि त्यांनी नाइट शिफ्ट म्हटलं, तर "हो का" म्हणून—

आले, पप्पा! नाही, मी काहीच सांगत नव्हते, दादाच म्हणत होते की डिस्क—