मधला कार्बन

चुडाव्याच्या स्टेशनावर नर्मदाबाई गाडीची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी एक अनोळखी तरुण जोडपं होतं. लग्नामुळं सुटलेली बारावी बायको आता पुरी करत होती. आज तिचा केमिस्ट्रीचा पेपर होता, आणि नवरा तिची उजळणी घेत होता.

“बबिता, सांग, आयसोमर म्हंजे काय?”

“अणू तेच अन् तेवढेच, फकस्त जोडणी येगळी. चार कार्बन एका रांगेत बसले की ब्युटेन. एक मधी अन् तिघं त्याच्याभोवती बसले की आयसोब्युटेन.”

“आपल्या घरावानी. आई मधी, बाबा, तू अन् मी भोवती.”

“हां. अन् ते ब्युटेनच्या आधी उकळतंय.”

“आईला म्हणायलीस व्हय गं?”

“आयसोब्युटेनला म्हणायलेय. आई तुमालाच आठवली.”

“हळू बोल. तिच्या कानावर गेलं म्हंजे?”

“गेलंय की. काल चुलीपाशी त्यांनाच सगळं म्हणून दाखवलं.”

“उकळायचं बी?”

“उकळायचं बी.”

पदर सावरायच्या निमित्तानं नर्मदाबाई थोड्या त्यांच्याकडं सरकल्या.

“मग? काय म्हणली आई?”

“म्हणल्या, ‘पास होऊन ये पोरी, मग मधी तू बस. मी लय उकळले.’”