रडत्या आईचं दूध

ईरम्मा : आणि पोराच्या कमरेला हा करदोडा कोण बांधलं?

वच्छला : आईनं. बारशाला.

ईरम्मा : तेव्हा पोटाला बसला असेल. आता मांडीवर उतरतोय बघ, वच्छला.

वच्छला : सैल झाला असंल, मावशी. दोराच त्यो.

ईरम्मा : दोऱ्याला काय धाड भरली? पोरगं आटतंय तुझं. पाचवा महिना ना? काय पाजतीस?

वच्छला : डब्याची पावडर.

ईरम्मा : हे दूध म्हणायचं? डब्यावर गुबगुबीत पोर काढलंय, आणि बाटलीत तांदूळ धुतलेलं पाणी!

वच्छला : पगार होईस्तोवर डबा पुरवायचाय. म्हून पातळ करतीया.

ईरम्मा : आणि अंगावरचं? आटलं?

वच्छला : न्हाय.

ईरम्मा : मग?

वच्छला : पिळून टाकतीया. मोरीत.

ईरम्मा : अय्यो देवा! लेकरू वाळतंय आणि तू मोरीला पाजतीस?

वच्छला : वरडू नगा. ह्ये रातपाळीवरनं येऊन झोपल्यात.

ईरम्मा : बरं, हळू बोलते. पण का ग बाई?

वच्छला : गेल्या महिन्यात माझी आई वारली न्हवं का, करमाळ्याला. तितं लई रडले मी. मातीला आल्याल्या सासूबाईंनी पोराला अंगावरनं ओढूनच घेतलं. रडत्या बाईचं दूध इखार होतं म्हनल्या. रडू थांबलं की पाज.

ईरम्मा : मग?

वच्छला : थांबंना की, मावशी. ह्ये रातच्याला कारखान्यात मागावर, दिसा झोपल्यालं. हितं मला कोण हाय? भांडी घासताना येतंय, केस इंचरताना येतंय. सकाळी ठरवते, आज रडायचं न्हाय, आज पाजायचं. दुपारच्याला येतंच.

ईरम्मा : आमचा मालक गेला तेव्हा सिद्धाराम एवढाच होता. मी वर्षभर रडले, आणि रडत रडतच पाजलं. दुसरं होतं काय घरात? आता दारातून वाकून येतो तो.

वच्छला : दिसला न्हाय कदी.

ईरम्मा : भिवंडीला असतो. दिवाळीला येतो, एखाद्या. माझं राहू दे. घे पोराला.

वच्छला : त्येला काय झालं तर?

ईरम्मा : काय होतंय ते बघतीस की डोळ्यानं. रडून दूध नासत असतं तर सोलापुरात एक पोर जगलं नसतं. घे.

(वच्छला भिंतीकडं तोंड करून बसते. पोर बराच वेळ किरकिरत राहतं.)

वच्छला : तोंड फिरवतोय. इसरला मला.

ईरम्मा : बाटलीची सवय लागली त्याला. ओठावर थेंब पिळ. परत लाव.

वच्छला : न्हाय घेत, मावशी.

ईरम्मा : परत लाव. रागावू नको त्याच्यावर.

वच्छला : धरलं... मावशी, धरलं त्यानं!

ईरम्मा : बोलू नको, पिऊ दे. मागेल तेव्हा लाव. जेवढं ओढेल तेवढं येतंय. उद्या दवाखान्यात वजन करून आणू, मी येते बरोबर. जाते आता, सुताच्या कांड्या भरायच्या राहिल्यात.

वच्छला : बसा की वाईच.

ईरम्मा : बसून काय बोलायचं ग?

वच्छला : कायबी. तुमच्या कानडीत बोला. मला न्हाय कळलं तरी चालंल.