पातं मी कापत नाही

नाही नाही, ग्राइंडर खाली ठेवा आधी — माझ्या शेडमध्ये मशिनला हात मी लावते, गिऱ्हाईक नाही. आणि हे काय करून आणलंत? शी! कुणी घासलंय? तुम्हीच? घरी बसून? बघा, इथे खड्डा, तिथे उंचवटा — उंदराने कुरतडल्यासारखं दिसतंय. काय तर म्हणे वेग हवा. वेग सगळ्यांनाच हवा असतो हो, अक्कल कुणाला नको. ऐका आता. इंजिन तुमचं बोटीच्या आत, बरोबर? मागे पाण्यात लोंबतो तो हा पाय, आणि त्या पायाचं पाऊल म्हणजे हे लोअर युनिट — गिअर ह्यात, पंखा ह्याला. वेगात पाणी अडतं ते इथे. म्हणून ह्या बोथट तोंडावर टोकदार नाक बसवायचं, पाय जरा वर उचलायचा. पण वर उचलला की इंजिन गार ठेवणारं पाणी ओढायची भोकं उघडी पडतात, मग ती नाकातच खाली पाडायची, नाहीतर इंजिन भाजून निघतं. एवढं सगळं मी करून देईन, आरशासारखं. पण हे सगळ्यात खालचं पातं आहे ना, माशाच्या परासारखं — ते कापणार नाही. बोट सरळ राहते ती त्याच्यामुळे. दुसरीकडे देतात कापून? देतात ना! माझ्या मेहुण्यालाही दिलं होतं.

मेहुणा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. गोगलगाय नुसता — बोलायला लागला की वाक्य संपेपर्यंत चहा गार होतो. तो आला बोट घेऊन, "ताई, हिला जरा पळती करा ना." केली. नाक मी स्वतः वेल्डिंग करून बसवलं, असं घासलं की बोट फिरवलं तर सांधा लागू नये. बोट पळाली. दुसरा कुणी असता तर पेढे घेऊन आला असता, हा आठवड्यात पुन्हा दारात — "ताई, पातं अर्धं करता का?" हाकलला. तर पलीकडच्या धक्क्यावर जाऊन घेतलं कापून! आणि मला तोंड वर करून सांगायला आले दोघं — ये, बघायला ये. गेले मी. का गेले कोण जाणे. सरळ होती तोवर ठीक, पाण्याला टेकतेय की नाही असं वाटावं अशी. मग वळण आलं आणि मागचा भाग सटकला — लादीवर साबण सटकावा तसा — आणि उलटी. बहिणीला ओढून धक्क्याच्या फळ्यांवर आणलं, खांदा निखळलेला, कोपर भलतीकडेच वळलेलं, ओठ निळे. आणि पहिला शब्द काय? "वेगाचा काटा कुठवर गेला होता?" मला ओकारी आली. खरंच सांगते, पिंपामागे जाऊन ओकले मी.

काय म्हणालात? नालायक नवरा? — तो? अहो, तो कशाला विचारतोय! तो माझ्या शेजारी उभा होता, पोहतासुद्धा येत नाही त्याला. चालवत ती होती. विचारलं तिने. तोंडात पाणी, नाकात पाणी, हात लोंबतोय, आणि काटा कुठवर गेला! नाक तिला हवं होतं, पातं तिने कापायला लावलं, ह्याला आपलं पुढे करायचं — माझ्याकडून 'नाही' ऐकायला नको म्हणून. आता कोपर वाकत नाही तिचं. तरी नवी बोट घेतलीय, चालवते एका हाताने. जात नाही मी तिच्याकडे. किळस येते मला. दवाखान्यात भेटायला गेले तर माझ्याकडे बघून म्हणते, "ताई, तुला तरी कळायला हवं." मला तरी! म्हणजे काय हो? — वडील होते तेव्हा सुकाणूवर मी असायचे, ते खरं. ती मागे बसून "अजून, अजून" ओरडायची. आणि मी वेगाचा दांडा ओढायचे अजून. पाणी असं कडक होतं ना, रस्त्यासारखं, आणि वाटतं आता हे थांबूच नये, कधीच — जाऊ दे. ते वेगळं. तेव्हा पातं शाबूत होतं.

तर तुमचं काय? कापायचं नाही? नक्की? फक्त नाक? बरं, ते होईल, आधी हे खड्डे भरावे लागतील. हो. हो, पाणी नाकातूनच घ्यायचं. आणि मग — काय?

पहिली फेरी मी मारू म्हणता?

...

उचला ही बोट. नाही, काही ऐकायचं नाहीये मला. नाक नाही, काही नाही. दुसरीकडे जा. ट्रेलर जोडा आणि निघा, आणि असे बघू नका माझ्याकडे.