चार नंबरचं नाव

नाही काका, चूक नाहीये ती, चार नंबरला बरोबर नाव आहे — अस्मिता, माझी ताई. हो, वारली, माहितीये मला, मी होतो तिथे. तिच्या अंत्यविधीचं पत्रक तुमच्याच झेरॉक्स मशीनवर काढलं की — फोटो काळा आला म्हणून तुम्ही तीनदा काढलंत. हे चर्चच्या रविवारच्या उपासनेचं पत्रक, दर शनिवारी मीच टाइप करतो — पुढे गीतं, मागे आजारी लोकांची यादी, पाळकसाहेब ती वाचतात आणि सगळे प्रार्थना करतात. ताई दीड वर्ष चार नंबरला होती. फेब्रुवारीत गेली. त्या शनिवारी मी फक्त तारीख बदलली. पुढच्या शनिवारीही. आळस हो, दुसरं काय.

आणि गंमत सांगू? कोणी बोललंच नाही! पाळकसाहेब वाचतात, 'अस्मिता, हिला आरोग्य दे, प्रभू' — आणि शंभर माणसं, त्यातली निम्मी तिला माती देऊन आलेली, म्हणतात, आमेन. सात रविवार! तशी आमची मंडळी कशालाही आमेन म्हणते. मागे मी यादीत पाच नंबरला घातलं होतं, 'पेटीबाई, दम्याचा जुना त्रास' — चर्चची हार्मोनियम हो, भाता फाटलेला तिचा. पाळकसाहेबांनी डोळे मिटून तिच्यासाठीही मागितलं. ताई शेवटच्या बाकावर तोंडात ओढणी कोंबून हसत होती — केस गेलेले, डोक्यावरचा स्कार्फ घसरला, तरी हसतच होती. आणि आठवड्यात कोणीतरी भाता बदलून दिला. झाली ना बरी! एकाच यादीत होत्या काका दोघी, खालीवर. एकच प्रार्थना, एकच आमेन. पेटी बरी झाली.

पाणी नको. तुमच्या दुकानातली धूळ आहे ती.

पाळकसाहेब काल म्हणाले, सलिल, परवा ईस्टर, आता नाव काढ. बरोबरच आहे त्यांचं. घरी तीनदा बॅकस्पेसवर बोट ठेवलं — होत नाही. काढलं की मग ती कुठेच नाही ना? म्हणजे, आहे, देवाकडे आहे, मीच उद्या घसा ताणून म्हणणारे, प्रभू उठला आहे, खरोखर उठला आहे — मानतो मी ते, थट्टा नाही करत. पण घरी तिचं नाव कोणी घेत नाही. आई तर नाहीच नाही. आठवड्यातून एकदा कोणीतरी मोठ्यांदा घेतं, ते या कागदामुळे. असो. काढा शंभर.

काय? हो, कुणासाठीही करतो आम्ही, ख्रिश्चनच पाहिजे असं काही नाही. कोण आजारी आहे? … आपल्या काकू? त्या धायरीला मुलीकडे गेल्यात म्हणाला होतात ना तुम्ही? … अच्छा. महिनाभर आयसीयूत. आणि तुम्ही रोज येऊन इथे लोकांच्या मार्कशीटा — बरं, नाही विचारत.

सरका जरा, कीबोर्ड द्या. पान भरलंय, आणखी ओळ बसत नाही. नाव काय काकूंचं? तुळजाबाई. दुखणं? … राहू दे, नुसतं नाव पुरे. त्याला कळतं. हे बघा — चार नंबर, तुळजाबाई.

नाही काका, खोडलं नाही तिला. खाली बघा — 'बरे झाल्याबद्दल उपकारस्तुती'. पेटीनंतर कोणी आलंच नव्हतं तिथे, जागा रिकामीच होती. तिथे टाकली. अस्मिता. खोटं आहे का? काही दुखतं का आता तिचं? पाळकसाहेब डोळे मिटून वाचतील. शंभर माणसं आमेन म्हणतील. म्हणू देत.

चला, काढा. दोन्ही बाजूंनी. आणि मशीनकडे बघा हो काका, माझ्याकडे काय बघताय.