पोकळ सागाचा घेर

हो, ह्याच झाडाखाली गेले आमचे हे — पण त्या दिवशी वेगळं असं काही नव्हतं हो साहेब. मी रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरत होते. मुकादम आला. एरवी लांबूनच ओरडणारा माणूस, जवळ आला नि माझ्या हातातली पिशवी काढून घेतली — तेव्हाच कळलं मला. तुम्ही मोजा ना, मी धरलीय टेप. घट्ट ओढा, घेर वाढलाय — माणूस गेला म्हणून साग थोडाच थांबतो? जितकं झाड जाड तितका कार्बन पोटात धरतं नि तितके पैसे तुमच्या ऑफिसला, असंच ना? मग ह्याच्या पोटात काय आहे, जरा वाजवून बघा. ऐकलंत? बडा घर पोकळ वासा म्हणतात — इथं वासाच बडा.

ह्या लागवडीतलं कुठलं झाड तोडायचं, कुठलं वाढू द्यायचं, ती खूण आमचे हे करायचे. ह्याच्यावर तोडायची पांढरी फुली मारली, तर तुमच्या आधीचे साहेब म्हणाले, "बाहेरून वाढतंय ना? मग उभं राहू दे. फुली खरवडून टाक." पोकळ आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं? होतं की. पण टेप बाहेरूनच फिरते — आतलं कोण विचारतं, झाडाचं काय नि माणसाचं काय. हे गेले खरवडायला. वारं सुटलेलं — वरची फांदी आली खाली. अर्धी फुली तशीच राहिली. नंतर साहेब घरी आले, हळहळले, आणि फांदीचा कार्बन वजा करावा लागला म्हणाले — माझ्यासमोर. ह्यांना कशातून वजा केलं, ते मी विचारलं नाही. झाड तोडा, एवढंच मी म्हणत राहिले. ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी पाठवला त्यांनी करवतवाला — मीच माघारी धाडला त्याला. का म्हणजे?

अहो, मोजणीचा पट्टा रंगवायचाय तर जरा वर रंगवा ना — तिथे खरवडू नका, तो डाग नाही. फुली मारताना डावा हात टेकवला होता ह्यांनी, रंगानं भरलेला. साल फुगते तसा पंजा रुंद होत चाललाय — माझा हात आता त्यात बुडून जातो...

सोडा ती टेप. निघा तुम्ही. घेर काय लिहायचा तो लिहा. झाड तोडायचं राहिलंय — ते तसंच राहू दे.